मांडवात मतदार नोंदणीचं टेबल का नको? मराठी मंडळांना खुले पत्र

प्रति,
उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांच्या कार्यकारिणी आणि विश्वस्त मंडळी,

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या गणेशोत्सवात सभागृहाच्या दाराशी मतदार नोंदणीचं एक टेबल लावू द्या, अशी विनंती आम्ही काही सभासदांनी आमच्या मंडळाला केली होती. त्यात पक्ष नव्हता, उमेदवार नव्हता. एक टेबल, दोन खुर्च्या आणि नोंदणीचे कोरे अर्ज, एवढंच. उत्तर व्हॉट्सॲपवर आलं: "आपलं मंडळ सांस्कृतिक आहे, राजकारण नको." पुढे हात जोडल्याची खूण. मंडळाचं नाव मी लिहीत नाही, कारण हे उत्तर त्या एका मंडळापुरतं नाही. टेक्सासमधल्या आणि इलिनॉयमधल्या मैत्रिणींना विचारलं, तर त्यांनाही जवळपास याच शब्दांत वाटेला लावलेलं. म्हणून हे पत्र सगळ्यांना, आणि चारचौघांत.

माझा यात काय संबंध, ते आधी सांगते. मी न्यू जर्सीच्या मिडलसेक्स काउंटीत राहते. मंडळाची आजीव सभासद आहे. एकांकिकांच्या तालमींना चहा पुरवण्यापासून वार्षिक हिशेब जुळवण्यापर्यंत पडेल ते काम केलं आहे. नागरिकत्व मिळाल्यापासून निवडणुकीच्या दिवशी मतदान केंद्रावरही काम करते. पहाटे सव्वापाचला शाळेच्या जिममध्ये पोचायचं, यंत्रं लावायची, सहाला दार उघडायचं, ते रात्री आठला बंद करायचं. राष्ट्राध्यक्षाची निवडणूक असली की रांग बास्केटबॉलच्या खांबाला वळसा घालून बाहेर पार्किंगमध्ये जाते. राज्यपालाचीही निवडणूक नसलेल्या एखाद्या विषम वर्षी, त्याच जिममध्ये, नगरपरिषद आणि शाळा मंडळाच्या निवडणुकीला आम्ही कर्मचारी एकमेकांच्या डब्यातलं खात बसलेले असतो. मतदार यादी आता टॅब्लेटवर असते. बोटाने वर सरकवली की कुलकर्णी, जोशी, पाटील, देशपांडे अशी नावं जातात, आणि त्यांच्यापुढची सहीची जागा संध्याकाळपर्यंत रिकामी राहते. ही मंडळी आजारी नसतात, परगावी नसतात. त्याच आठवड्यात त्यांच्यातले कितीतरी जण दिवाळी फराळाची ऑर्डर घ्यायला मला भेटलेले असतात.

अमेरिकेत मतदान कमी होतं हे तुम्हाला मी सांगायला नको. २०२० मध्ये पात्र मतदारांपैकी सुमारे ६६ टक्के लोकांनी मत दिलं, तर शंभराहून अधिक वर्षांतला विक्रम म्हणून त्याचा गाजावाजा झाला. २०१४ च्या मध्यावधीला, म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या दोन निवडणुकांच्या मध्ये येणाऱ्या अमेरिकी संसदेच्या निवडणुकीला, हा आकडा ३६ टक्क्यांच्या आसपास होता, दुसऱ्या महायुद्धानंतरचा सर्वांत कमी. आमच्या राज्यात राज्यपालाची निवडणूक विषम वर्षात येते. २०१७ मध्ये नोंदणी झालेल्यांपैकी ३९ टक्के आले, २०२१ मध्ये ४०. २०२५ मध्ये लढत चुरशीची होईल असं सगळे म्हणत होते, तेव्हा कुठे गाडी निम्म्यापर्यंत पोचली. त्याखाली उतरायचं असेल तर अग्निशमन जिल्ह्यांची निवडणूक बघा. न्यू जर्सीत अनेक ठिकाणी ती अजून फेब्रुवारीतल्या तिसऱ्या शनिवारी होते. मालमत्ता कराच्या बिलावर या जिल्ह्याची वेगळी ओळ असते, दर तिमाहीला आपण ती भरतो, आणि त्या पैशांचं अंदाजपत्रक मंजूर करायला गावातली मूठभर माणसं बर्फ तुडवत येतात. अशी काही निवडणूक असते, हेच माझ्या ओळखीतल्या बहुतेकांना माहीत नव्हतं.

लोक आळशी आहेत, असं म्हणून हात झटकणं सोपं आहे. मला ते पटत नाही. भारतात मतदार यादीचं काम घेऊन शाळेतल्या बाई आपल्या दाराशी येतात, मतदानाच्या दिवशी सुट्टी असते. इथे उलट. नाव नोंदवायचं तुम्ही, घर बदललं की पुन्हा कळवायचं तुम्ही, मुदत लक्षात ठेवायची तुम्ही. मतदान मंगळवारी, कारण १८४५ साली शेतकऱ्यांना रविवारी चर्च आणि बुधवारी बाजार असे. ते शेतकरी गेले, मंगळवार राहिला. एडिसनहून न्यूयॉर्कला सकाळची गाडी पकडून जाणाऱ्या माणसाला त्या मंगळवारी सुट्टी नसते. न्यू जर्सीत २०१८ पासून मोटार वाहन कार्यालयात नोंदणी आपोआप होते आणि २०२१ पासून नोव्हेंबरच्या निवडणुकीआधी नऊ दिवस केंद्रावर जाऊन मतदान करता येतं. हे चांगलं झालं. पण ते आहे, हे सांगणारं कोणीतरी लागतं.

या देशात ते काम सरकारने कधी मनापासून केलेलं नाही, ते समाजाच्या संस्थांनी केलं. कृष्णवर्णीयांची चर्चेस रविवारच्या प्रार्थनेनंतर बस भरून लोकांना थेट मतदान केंद्रावर नेतात. कामगार संघटना फोन करून करून भंडावून सोडतात. लीग ऑफ विमेन व्होटर्स १९२० पासून कुठल्याही उमेदवाराची बाजू न घेता अर्ज भरून घेत आली आहे. आपल्या माणसांचं काय? आपल्याला चर्च नाही, आयटीत संघटना नाही. शेकडो मराठी नागरिक एका छताखाली वर्षातून तीन-चारदा स्वतःहून येतात, अशी एकच जागा आहे, आणि तिच्या किल्ल्या तुमच्याकडे आहेत. त्या दाराशी तुम्ही नाही म्हणालात, एवढीच माझी मुख्य तक्रार. बाकीच्या तिच्यातूनच निघतात.

तुम्ही म्हणता राजकारण नको. पण दिवाळीच्या कार्यक्रमात दीपप्रज्वलनाला मेयर येतात, काउंटी कमिशनर येतात, असेंब्लीचे सदस्य सोनेरी शिक्क्याचं घोषणापत्र वाचून दाखवतात. निवडणुकीच्या वर्षी हे पाहुणे जरा जास्तच येतात. त्यांना शाल-श्रीफळ देताना मंडळ सांस्कृतिक असल्याची आठवण कोणाला होत नाही. महाराष्ट्रातून मंत्री आले तर पहिल्या दोन रांगा राखीव. म्हणजे मंचावर राजकारण चालतं, दाराशी कोरा अर्ज मात्र चालत नाही.

आणि फोटो काढून गेल्यावर हे पाहुणे काय करतात, तेही ऐका. तुम्ही मत कोणाला दिलं हे गुप्त असतं, पण दिलं की नाही याची नोंद सरकारी यादीत राहते आणि प्रत्येक प्रचार कार्यालयाकडे ती यादी असते. कोणाचं दार वाजवायचं, कोणाला पत्रक पाठवायचं, कोणाचा फोन उचलायचा, हे तीवरून ठरतं. मागच्या तीन-चार निवडणुकांत ज्या घरातून कोणी आलं नाही, त्या घराकडे कोणी फिरकत नाही. "आपल्याला कोणी विचारत नाही" असं मंडळाच्या पार्किंगमध्ये उभं राहून म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगते, की त्या पाहुण्यांनी यादी बघितली आहे.

दुसरं कारण कायद्याचं दिलं जातं. "आपण ५०१(सी)(३) आहोत, दर्जा जाईल." ५०१(सी)(३) म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्थेचा दर्जा. त्याबद्दलचा हा कायदा १९५४ पासून आहे आणि त्यात उमेदवाराचा प्रचार किंवा विरोध करायला मनाई आहे. निःपक्ष नोंदणी, मुदतीची आठवण, सर्व उमेदवारांना सारखीच वेळ देऊन घेतलेली प्रश्नोत्तरं, यांना मनाई नाही. विश्वस्तांमध्ये वकील असतातच, त्यांना विचारा. त्यांनी नाही म्हटलं तर तसं लेखी द्या, मी माफी मागून गप्प बसेन.

एक भीती मात्र खरी आहे आणि ती मी हसण्यावारी नेणार नाही. आपल्या कार्यक्रमांना येणाऱ्यांत एच-वनवाले असतात, ग्रीन कार्डवाले असतात, म्हणजे अजून नागरिक नसलेले. त्यांच्यापैकी कोणी गोंधळात "नागरिक आहे" या चौकटीवर खूण करून सही केली, तर ते प्रकरण अंगाशी येतं. पुढे नागरिकत्व अडू शकतं, देश सोडायची वेळ येऊ शकते. हल्लीच्या वातावरणात तर बोलायलाच नको. माझ्या मते या भीतीमुळेच टेबलावर शिकलेली माणसं हवीत. अर्ज हातात देण्याआधी पहिला प्रश्न नागरिकत्वाचा, आणि उत्तर "अजून नाही" असेल तर अर्ज परत पेटीत. तुम्ही टेबल नाकारलंत म्हणून ती चूक टळत नाही. मोटार वाहन कार्यालयाच्या काउंटरवर, मागे रांग खोळंबलेली असताना, ती होऊ शकतेच. तिथे सावध करायला मराठी माणूस नसतो.

आणि नागरिक नसलेल्यांनाही दार बंद नाही. १९७५ च्या न्यू जर्सीच्या कायद्याने नगरपरिषदेच्या आणि शाळा मंडळाच्या सभा सगळ्यांना खुल्या आहेत. तिथे माइकपुढे उभं राहायला पासपोर्ट दाखवावा लागत नाही. आमच्या गावात दिवाळीची सुट्टी शाळेच्या वेळापत्रकात घालावी म्हणून ऑनलाइन अर्ज फिरला, तेव्हा सह्यांचा पाऊस पडला. ज्या संध्याकाळी शाळा मंडळात त्यावर चर्चा होती, त्या संध्याकाळी बहुतेक खुर्च्या रिकाम्या होत्या. मंडळाने त्या सभेची तारीख एका ओळीत जरी कळवली असती! त्या आठवड्यात मंडळाकडून आलेले निरोप मी पुन्हा उघडून पाहिले. त्यात क्रिकेट स्पर्धेचं वेळापत्रक होतं आणि उकडीच्या मोदकांचा वर्ग होता. दोन्ही छानच, वर्गाला मीही गेले होते.

ज्येष्ठांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण त्यांचं नुकसान कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. मुलांमागे आलेले, यथावकाश नागरिक झालेले आई-वडील आपल्याकडे आता बरेच आहेत. नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी त्यांनी प्रश्नोत्तरं पाठ केली. फक्त नागरिकांचीच अशी एक जबाबदारी सांगा, हा त्यातलाच प्रश्न, आणि "मत देणं" हे उत्तर त्यांना झोपेतही येतं. मग घरी टपालाने मतपत्रिका येते. आजींनी कागदपत्रांवर ठसठशीत मराठीत सही केलेली असते. पाकिटावर सही करताना मुलगा म्हणतो, आई, इंग्लिशमध्ये कर. किंवा मधलं नाव एकीकडे पूर्ण, दुसरीकडे नुसतं अक्षर, तिसरीकडे गायब. सही जुळत नाही म्हणून काउंटीकडून पत्र येतं, की सोबतचा फॉर्म भरून ओळख पटवा, मग मत मोजू. ते पत्र सुपरमार्केटच्या कूपनांबरोबर रिसायकलिंगच्या डब्यात जातं. आजींना वाटतं, आपण मत दिलं.

मिडलसेक्स काउंटीत निवडणुकीचं साहित्य आता गुजरातीतही मिळतं, न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये बंगालीत. कायद्याच्या ज्या निकषांवर हे ठरतं त्यात मराठी सध्या बसत नाही आणि तो हट्ट मी धरत नाही. पण वाचायला किंवा खुणा करायला अडचण असेल तर मतदाराला आपल्या पसंतीचा माणूस मदतीला घेता येतो, हा हक्क १९८२ पासून सबंध देशात आहे. फक्त तो माणूस मालक किंवा कामगार संघटनेचा नसावा. हे एका पानावर मराठीत छापून वाटायला काय खर्च येतो? स्मरणिकेतल्या अर्ध्या पानाच्या जाहिरातीत भागेल.

एका मताने काय फरक पडतो, हा प्रश्न मला दर वर्षी कोणीतरी विचारतंच. २०१७ मध्ये व्हर्जिनियाच्या विधानसभेच्या ९४ व्या मतदारसंघात दोन्ही उमेदवारांना ११,६०८ मतं पडली. फेरमोजणीत एक उमेदवार एका मताने पुढे गेली होती, मग न्यायाधीशांनी एक वादग्रस्त मतपत्रिका ग्राह्य धरली आणि बरोबरी झाली. जानेवारी २०१८ मध्ये चक्क चिठ्ठी काढून निकाल लागला, आणि सभागृहात बहुमत कोणाचं हे त्या चिठ्ठीवर ठरलं. व्हर्जिनियात आपले लोक थोडेथोडके नाहीत.

पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत तर थोडक्या मतांवर गणित फिरतं. आपल्या बेळगावचे श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनमधून अमेरिकी काँग्रेसवर, म्हणजे संसदेवर, गेले, तेव्हा पक्षाच्या प्राथमिक फेरीत नऊ उमेदवार होते आणि सुमारे २८ टक्के मतांवर त्यांची उमेदवारी पक्की झाली. ते तुम्हाला आवडतात की नाही, हा वेगळा विषय. डेट्रॉईटसारख्या मतदारसंघात नोव्हेंबरची निवडणूक बव्हंशी औपचारिक असते, खरा निकाल ऑगस्टमध्ये लागतो, आणि ऑगस्टमध्ये आपण भारतात सुट्टीवर असतो. आमच्याकडे प्राथमिक फेरी जूनमध्ये. पक्षाने पाठिंबा दिलेल्यांची नावं मतपत्रिकेवर एकाच ओळीत मांडायची इथली जुनी पद्धत मार्च २०२४ मध्ये फेडरल न्यायाधीशांनी थांबवली, तेव्हापासून जूनच्या मताला पूर्वीपेक्षा जास्त वजन आलं आहे. मंडळात जूनमध्ये काय असतं? सहल.

याउलट, शिवसेना कोणाची आणि राष्ट्रवादी कोणाची यावर आमच्या गटात रात्री दोनपर्यंत हमरीतुमरी चालते. मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं मुंबई महापालिका प्रशासकाच्या हाती होती, त्यावरही तावातावाने लिहिलं गेलं, आणि रास्त लिहिलं गेलं. पण परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर भारतात मत देता येत नाही. जिथे आपल्याला मत नाही तिथली वॉर्डरचना आपल्याला पाठ, आणि जिथे आहे तिथल्या शाळा मंडळावर कोण बसलंय विचारलं तर एकाही माणसाचं नाव सांगता येत नाही. इथे वर्षाला दहा हजार डॉलरच्या घरात मालमत्ता कर भरणारी माणसं आहोत आपण. त्यातला मोठा वाटा शाळांना जातो.

ज्येष्ठ विश्वस्तांपैकी कोणी म्हणेल, आम्ही डोकं खाली घालून कष्ट केले, मुलं शिकवली, याच्या फंदात पडलो नाही. त्यांच्या कष्टांबद्दल मला आदरच आहे. पण १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्वाला अपात्र ठरवलं, आणि ज्यांना ते मिळालं होतं त्यांच्यापैकीही अनेकांचं काढून घेण्यात आलं. ती माणसंही डोकं खाली घालून शेतात आणि गिरण्यांत राबतच होती. १९४६ मध्ये कायदा बदलला तो लोकांनी वॉशिंग्टनमध्ये खेटे घातले, भांडले, म्हणून. आणि पुढच्या दहा वर्षांत, १९५६ साली, दलीपसिंग सौंद कॅलिफोर्नियातून काँग्रेसवर निवडूनही आले.

आता मागण्या. यंदा गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे आणि मध्यावधी निवडणूक ३ नोव्हेंबरला. न्यू जर्सीत नोंदणीची मुदत २१ दिवस आधी, म्हणजे १३ ऑक्टोबरला संपते. इतर राज्यांतल्या मंडळांनी आपापली तारीख बघावी.

गणेशोत्सवात दाराशी निःपक्ष नोंदणीचं टेबल असू द्या. माणसं आम्ही देऊ, ती आधी प्रशिक्षण घेऊन येतील, अंगावर कुठल्याही पक्षाचा बिल्ला नसेल. तुम्हाला आमचा भरवसा वाटत नसेल तर लीग ऑफ विमेन व्होटर्सच्या स्थानिक शाखेला बोलवा.

नोंदणीची मुदत, आगाऊ मतदानाचे दिवस आणि शाळा मंडळाच्या सभांच्या तारखा मंडळाच्या नेहमीच्या ईमेलमध्ये, कार्यक्रमांच्या यादीतच टाका. न्यू जर्सीत आगाऊ मतदान २४ ऑक्टोबरला सुरू होतं. त्या आठवड्यात तुमचा दिवाळीचा कार्यक्रम असेल, तर जवळच्या केंद्राचा पत्ता तिकिटाच्या मागे छापा.

ज्येष्ठांसाठी एका शनिवारी दुपारी सही, पाकीट, टपालाची मुदत आणि काउंटीचं पत्र आलं तर काय करायचं, हे मराठीत समजावणारी बैठक घ्या. ज्येष्ठ मेळाव्याला सभागृह असतंच, त्यातला एक तास द्या.

जे उमेदवार यंदा मंचावर येऊन नमस्कार करू इच्छितात, त्यांच्या प्रतिस्पर्ध्यालाही बोलवा आणि दोघांना श्रोत्यांचे चार प्रश्न घ्यायला लावा. ते जमत नसेल तर निवडणूक होईपर्यंत दोघांपैकी कोणालाच शाल देऊ नका.

मराठी शाळेत मोठ्या मुलांचा एक वर्ग असतो, सतरा-अठराची मुलं. त्यांच्यातल्या बहुतेकांचा जन्म इथला आहे. त्यांना मतदान केंद्रावर कामाला पाठवा. न्यू जर्सीत सोळा वर्षांच्या मुलांनाही ते करता येतं, पैसे मिळतात, आणि माझ्या शेजारी डबा खायला कोणीतरी मराठी बोलणारं येईल.

कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत हा विषय पटलावर घ्या. टेबल द्यायचं नसेल तर तसा ठराव करा, कोणी बाजूने आणि कोणी विरोधात मत दिलं ते इतिवृत्तात लिहा, आणि ते इतिवृत्त १४ सप्टेंबरच्या आत सगळ्या सभासदांना पाठवा.

आपली,
एक आजीव सभासद
मिडलसेक्स काउंटी, न्यू जर्सी